टीटीपी : प्लेटलेट घसरल्यात, पण प्लेटलेट चढवायच्या नाहीत

कातळसडा

पाऊस धरला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात प्लेटलेटचा आकडा मटक्याच्या आकड्यासारखा घरोघर विचारला जातो. ताप आणि तीस हजार प्लेटलेट म्हणजे डेंगी, डोळे पिवळे झाले की लेप्टो, हुडहुडी भरली की मलेरिया. बहुतेक वेळा हे बरोबरही असतं. हा धागा ज्याच्या बाबतीत ते चुकतं त्या रुग्णासाठी आहे. आजाराचं नाव थ्रॉम्बॉटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक परप्युरा, थोडक्यात टीटीपी. दहा लाख लोकांमागे वर्षाला जेमतेम दोन-चार रुग्ण. तरण्या आणि मध्यम वयात जास्त, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त. उपचार न मिळाल्यास दहातले नऊ दगावतात. वेळेत मिळाले तर दहातले आठ-नऊ वाचतात. वैद्यकात इतका मोठा फरक फार थोड्या ठिकाणी दिसतो, आणि तो पहिल्या दिवशीच पडतो.

आत काय होतं ते आधी. रक्तवाहिनीच्या अस्तरातून व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाच्या प्रथिनाचे लांबच लांब दोर सुटतात. एरवी अ‍ॅडॅम्ट्स-१३ नावाचं विकर (एन्झाइम) ते कापून आखूड करतं. टीटीपीमध्ये शरीर या विकराविरुद्धच अँटिबॉडी तयार करतं आणि विकराचं काम १० टक्क्यांच्या खाली जातं. दोर कापले जात नाहीत. खाडीत सोडलेल्या दोरखंडाला कालवं चिकटावीत तशा प्लेटलेट त्या दोरांना चिकटतात, आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांच्या बारीक वाहिन्या तुंबतात. त्या अडथळ्यातून घासून जाताना तांबड्या पेशींचे तुकडे पडतात. म्हणजे प्लेटलेट कमी दिसतात त्या गुठळ्यांत खर्च झाल्यामुळे. बाहेरून आणखी प्लेटलेट चढवणं म्हणजे दोराला आणखी कालवं पुरवणं. मुख्य उपचार प्लाझ्मा एक्सचेंज: रुग्णाचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) अँटिबॉडींसकट मशीनने काढायचा आणि बदल्यात दात्याचा, विकर असलेला प्लाझ्मा द्यायचा.

१९२४ साली न्यूयॉर्कमध्ये मॉश्कोविट्झ यांनी सोळा वर्षांच्या मुलीत हा आजार पहिल्यांदा नोंदवला. कापणारं विकर सापडायला १९९६ उजाडलं. मधल्या काळात ताप, रक्तक्षय, कमी प्लेटलेट, मेंदूची लक्षणं आणि मूत्रपिंडाचा बिघाड अशी पाच लक्षणं पाठ करून घेतली जायची. ती पाचही एकत्र दहातल्या एका रुग्णातही दिसत नाहीत. पाचवं लक्षण येईपर्यंत थांबणारा डॉक्टर बहुधा उशीरच करतो. कामाची जोडी दोनच गोष्टींची: दुसऱ्या कारणाने न उलगडणाऱ्या कमी प्लेटलेट, आणि तांबड्या पेशी फुटत असल्याच्या खुणा. एवढं दिसलं तर टीटीपी नाही असं सिद्ध होईपर्यंत टीटीपीच धरायचा.

लेन्स_१००

कातळसडा, त्या "खुणा" जरा उलगडून लिहितो, कारण गाडी तिथेच अडते.

पहिलं काम स्मिअर, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. पंधरा-वीस मिनिटांचं काम, खर्च नगण्य, आणि तालुक्याच्या लॅबमध्ये नेमकं तेच होत नाही. मशीनचा कागद फाडून दिला जातो. लेश्मन स्टेन केलेल्या स्लाइडवर शेपटाच्या अलीकडचा, पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात तो भाग बघा. शिरस्त्राणासारखे, त्रिकोणी, शिंग फुटलेले तुकडे म्हणजे शिस्टोसाइट. शंभर तांबड्या पेशींत एकाहून जास्त असे तुकडे दिसले तर अहवालात स्पष्ट लिहा आणि डॉक्टरांना फोन करा. नुसतं "अ‍ॅनायसोपॉयकिलोसायटोसिस" लिहून सोडू नका, त्यातून कुणाला काही कळत नाही.

कोकणातली खास अडचण दमटपणाची. जुलैत स्लाइड सावकाश वाळते आणि पेशी कुरतडल्यासारख्या, चकाकत्या दिसतात. फिक्सिंगचं मेथॅनॉल उघडं राहिलं तर हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यानेही हेच होतं. अशा स्लाइडवर तुकडे आहेत की नाहीत हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. पातळ फिल्म ओढा, लगेच हेअर ड्रायरच्या गार झोतात किंवा पंख्याखाली वाळवा, मेथॅनॉलची बाटली घट्ट बंद ठेवा आणि पावसाळ्यात ते वरचेवर बदला.

मशीन दोन्हीकडून फसवतं. ईडीटीएमध्ये (नळीतलं रक्त गोठू न देणारं रसायन) प्लेटलेटचे पुंजके झाले तर आकडा खोटाच कमी येतो. उलट तांबड्या पेशींचे बारीक तुकडे प्लेटलेट म्हणून मोजले गेले तर खोटाच जास्त येतो. दोन्हीला उत्तर स्लाइडच.

सोबत हे पाठवा: एलडीएच (पेशी फुटल्या की वाढतं; टीटीपीत बऱ्याचदा कमाल पातळीच्या दुपटीहून वर), इनडायरेक्ट बिलिरुबिन, रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी), डायरेक्ट कूम्ब्स (तांबड्या पेशींवर अँटिबॉडी बसली आहे का; टीटीपीत निगेटिव्ह), पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठण्याच्या चाचण्या; बहुधा नॉर्मल), क्रिएटिनिन (बहुधा थोडंच वाढलेलं), ट्रोपोनिन. ट्रोपोनिन सोडू नका. हृदयाच्या बारीक वाहिन्या तुंबल्या की छातीत न दुखताही रुग्ण अचानक जातो.

घाटवाट

लेप्टो कसा वेगळा काढायचा? भातलावणीच्या दिवसांत कावीळ आणि कमी प्लेटलेट घेऊन येणारा माणूस लेप्टोचाच निघतो.

कातळसडा

बहुधा लेप्टोच असतो. पण कावीळ कुठली ते बघा. लेप्टोत डायरेक्ट बिलिरुबिन चढतं, टीटीपीत इनडायरेक्ट. लेप्टोत पोटऱ्या दाबवत नाहीत, डोळे लाल होतात, सीपीके (स्नायूंचं विकर) वाढतं, क्रिएटिनिन लवकर वर जातं आणि पांढऱ्या पेशी वाढतात. टीटीपीत माणूस गोंधळतो, बोलताना शब्द अडखळतो, हात बधिर होतो आणि तासाभरात पुन्हा बरा दिसतो. ही ये-जा फार बोलकी असते. डेंगीत हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) वर जातो. टीटीपीत हिमोग्लोबिन खाली येतं. डेंगीचा रुग्ण फिकट पडत चालला आणि रक्तस्राव कुठे सापडत नाही, तर त्या क्षणी स्मिअर मागवा.

संशय दोन्हींचा असेल तर लेप्टोचं अँटिबायोटिक चालू करा, त्याने टीटीपीचं काही बिघडत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि कॅल्शियम एकाच लाइनमधून सोबत सोडायचं नाही, साका बसतो. एक्सचेंजमध्ये कॅल्शियम लागणारच आहे.

सर्पदंशाचंही सांगतो, कारण आपल्याकडे फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायची चाचणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विषाने गोठण्याचे घटक संपवले असतील तर रक्त पातळच राहतं; टीटीपीत गोठतं. घोणस चावल्यावर नंतरच्या दिवसांत तुकडे, कमी प्लेटलेट आणि मूत्रपिंड निकामी असं टीटीपीसारखं चित्र दिसू शकतं. तिथे आधार प्रतिविष आणि डायलिसिसचा. प्लाझ्मा एक्सचेंजने त्यात फायदा होतो असा ठोस पुरावा नाही, तेव्हा तिथे प्लाझ्मा उधळू नका.

लेन्स_१००

आणखी एक बहुरूपी, बी-१२ ची कमतरता. स्लाइडवर तुकडे, प्लेटलेट कमी, एलडीएच हजारांत. पण रेटिक्युलोसाइट कमी, एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) बहुधा वाढलेला आणि न्यूट्रोफिलची केंद्रकं पाच-सहा पाकळ्यांची. हा रुग्ण इंजेक्शनांनी बरा होतो. माळकरी, शाकाहारी रुग्णात हे आधी तपासा. मासे खाणाऱ्यातही, विशेषतः वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर, हे नाकारू नका.

सुरंगी

टीटीपीची शक्यता मोजणारा प्लाझ्मिक स्कोअर वापरता का इथे कुणी? मोठी रुग्णालयं फोनवर तोच विचारतात.

कातळसडा

वापरायचाच. सात प्रश्न, प्रत्येकी एक गुण: प्लेटलेट तीस हजारांखाली, पेशी फुटत असल्याची खूण (रेटिक्युलोसाइट २.५ टक्क्यांवर, इनडायरेक्ट बिलिरुबिन २ च्या वर किंवा हॅप्टोग्लोबिन शून्यवत), सध्या कॅन्सर नाही, अवयव किंवा बोनमॅरो प्रत्यारोपण झालेलं नाही, एमसीव्ही ९० च्या खाली, आयएनआर (पीटीवरूनच काढलेला आकडा) १.५ च्या खाली. क्रिएटिनिन २ च्या खाली. सहा-सात गुण म्हणजे दाट शक्यता, पाच म्हणजे अधलीमधली, चार किंवा कमी म्हणजे दुसरं काही शोधा.

यात एक मेख आहे. आपल्याकडे लोहाची कमतरता आणि थॅलसेमिया मायनर इतके आहेत की एमसीव्ही ९० च्या खाली असण्याचा गुण जवळपास फुकट मिळतो. तेव्हा आपल्या रुग्णाचे सहा गुण जरा हात राखून वाचा. मात्र पाच गुण आणि अडखळतं बोलणं असेल तर हात राखायचा नाही, फोन उचलायचा.

बांगडा_तिखलं

माका एक विचारूचा आसा. पपयच्या पानाचो रस दिल्यान प्लेटलेट चडतत म्हणतत, तो हेच्यात देवचो काय?

कातळसडा

नको. इथे कमतरता विकराची आहे, ते पपईच्या पानात नाही. शिवाय गुंगीतल्या माणसाला काहीही पाजलं तर ते श्वासनलिकेत उतरू शकतं. गुळवेलही बंद ठेवा. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्यांत ऑटोइम्यून धर्तीची यकृताची सूज नोंदवली आहे. प्रतिकारशक्ती आधीच उलटलेल्या माणसाला "प्रतिकारशक्ती वाढवणारं" काही देऊ नये.

लेन्स_१००

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी, अ‍ॅडॅम्ट्स-१३ चा नमुना.

प्लाझ्माचा पहिला थेंब आत जायच्या आधी रक्त घ्यायचं. एकदा दात्याचा प्लाझ्मा गेला की त्यातलं विकर चाचणीत दिसतं आणि अहवाल फसवा येतो. नळी सायट्रेटची, आकाशी झाकणाची, रेघेपर्यंत भरलेली. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी चालत नाही. हे विकर कॅल्शियम आणि झिंकवर चालतं, ईडीटीए ते धातू पकडून ठेवतं आणि विकर नळीतच मरतं. मग अहवाल येतो "१० टक्क्यांखाली" आणि निरोगी माणसालाही टीटीपी ठरतो.

दोन नळ्या घ्या. छोट्या सेंट्रिफ्यूजवर ३००० ते ३५०० आरपीएमला १५ मिनिटं फिरवा, वरचा प्लाझ्मा प्लास्टिकच्या नळीत काढा, तळाचा थर ढवळू न देता. पुन्हा एकदा फिरवा. अर्ध्या-अर्ध्या मिलीचे तीन-चार भाग करून गोठवा. प्रत्येकावर नाव, तारीख, वेळ आणि "प्लाझ्मा देण्यापूर्वी" हे शब्द.

पाठवायचा ड्राय आइसमध्ये. मिरकरवाड्याच्या जेटीवरचा मच्छीचा बर्फ म्हणजे ड्राय आइस नव्हे. तो शून्य अंशाचा, हा उणे ७८ चा. नमुना वाटेत वितळून पुन्हा गोठला की कामातून गेला. ड्राय आइस मिळत नसेल तर नमुना थर्माकोलच्या डब्यात, गोठवलेल्या जेल पॅकमध्ये घट्ट बसवून रुग्णाबरोबरच मोठ्या रुग्णालयात पाठवा आणि एक भाग आपल्या फ्रीझरमध्ये राखून ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी कुरिअरला देऊ नका, दोन दिवस गोदामात पडेल. बिलिरुबिन फार चढलेलं असेल किंवा नमुना लालसर असेल तर लॅबला कळवा, काही पद्धतींत त्याने आकडा बिघडतो.

त्याच सुईत एचआयव्ही, हेपॅटायटिस बी (पृष्ठभागावरचं अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी दोन्ही), हेपॅटायटिस सी, एएनए (शरीरावरच उलटलेल्या अँटिबॉडीची चाचणी), थायरॉइड, आणि बाई असेल तर गर्भधारणेची चाचणी. दात्यांच्या प्लाझ्मातून त्यांच्या अँटिबॉडी येतात, मग कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर ती रुग्णाची की दात्याची हे कळत नाही. पुढे रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना आवरणारं औषध) द्यायचं तर हे कळणं भाग आहे.

घाटवाट

अहवाल यायला किती दिवस?

लेन्स_१००

बाहेर पाठवलं तर काही दिवस. त्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत. चाचणी निदान पक्कं करायला आहे, सुरुवात करायला नाही.

रात्रपाळी_रक्तपेढी

प्लाझ्माचा हिशेब कुणी मांडत नाही आणि रात्री दोन वाजता फोन येतो, "असतील तेवढ्या पिशव्या द्या." म्हणून मांडतो.

प्लाझ्माचं आकारमान = वजन किलोत × ७० मिली × (१ वजा हिमॅटोक्रिट). ६० किलोचा रुग्ण, हिमॅटोक्रिट २४ टक्के: ४२०० × ०.७६, म्हणजे सुमारे ३२०० मिली. एवढं रोज एकदा बदलायचं. पहिल्या दिवसांत किंवा प्रकृती गंभीर असेल तर दीडपट, म्हणजे ४८०० मिली.

आता पिशव्या. ४५० मिलीच्या रक्तपिशवीतून एफएफपी (ताजा असताना गोठवलेला प्लाझ्मा) साधारण २०० ते २५० मिली निघतं. आपल्याकडच्या शिबिरांत बरंचसं संकलन ३५० मिलीच्या पिशव्यांत होतं, त्यातून १५० ते १८० मिली. म्हणजे ३२०० मिलीला १६ नव्हे, १८ ते २१ पिशव्या धरा. पाच ते दहा दिवस चाललं तर शंभर ते दोनशे पिशव्या. जिल्ह्यातली एक पेढी एका गटाच्या एवढ्या देऊ शकत नाही. पहिल्याच रात्री चार पेढ्यांना फोन लावा.

प्लाझ्माच्या गटाचा नियम तांबड्या पेशींच्या उलटा. एबीचा प्लाझ्मा सगळ्यांना चालतो, ओचा फक्त ओला. ओ गटाच्या रुग्णाला कुठल्याही गटाचा प्लाझ्मा चालतो, त्याचं नशीब बरं. एबी गटाच्या रुग्णाला फक्त एबीचाच, आणि तो सगळ्यात दुर्मीळ. आरएचची फिकीर इथे सहसा करावी लागत नाही. नातेवाइकांना हे समजावून सांगा. ते बिचारे ओ निगेटिव्हचे दाते गोळा करत फिरतात आणि गरज एबीची असते.

रक्तसाठवण केंद्रांत बहुतेक ठिकाणी एफएफपी नसतं, कारण उणे ३० अंशांचा फ्रीझर नसतो. ग्रामीण रुग्णालयात "रक्त मिळतं" याचा अर्थ प्लाझ्मा मिळतो असा नाही. वितळवायला ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये वीस-तीस मिनिटं, पिशवी प्लास्टिकच्या आवरणात, तोंडं पाण्याच्या वर. गरम पाण्याच्या बादलीत नाही, प्रथिनं शिजतात. एका वेळी चार-सहा पिशव्याच वितळतात. पहिल्या खेपेला सुरुवात झाली की पुढच्या लावा. सगळ्या एकदम वितळवल्या आणि कॅथेटर (एक्सचेंजसाठी मोठ्या शिरेत टाकायची नळी) बसलाच नाही तर वीस दात्यांचं दान वाया.

कातळसडा

हिशेब दुरुस्त केल्याबद्दल आभार. मी आजवर २०० मिलीनेच भागत होतो.

रुग्णाला हलवेपर्यंत काय करायचं, तर नमुना घेऊन झाला की एफएफपी ड्रिपने सुरू करा, १५ ते ३० मिली प्रति किलो, दिवसाला. ६० किलोला ९०० ते १८०० मिली. त्यातून विकर मिळतं, पण अँटिबॉडी बाहेर जात नाहीत. हा साकव आहे, मुक्काम नाही. १९९१ मध्ये कॅनडात १०२ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. सहा महिन्यांनी एक्सचेंजच्या गटात २२ टक्के दगावले होते, नुसत्या प्लाझ्माच्या गटात ३७ टक्के. पाय सुजलेले, लघवी कमी, हृदय दुबळं असेल तर फुप्फुसात पाणी भरतं. वेग कमी ठेवा, फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) हाताशी ठेवा.

स्टेरॉइड त्याच वेळी. प्रेडनिसोलोन किलोला १ मिलिग्रॅम, किंवा गुंगी, फेफरं, ट्रोपोनिन चढलेलं असेल तर मिथाइलप्रेडनिसोलोन १ ग्रॅम रोज तीन दिवस. साखर दिवसातून चार वेळा तपासा. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांत स्ट्राँगिलॉइडीस जंत असू शकतो आणि स्टेरॉइडने तो अंगभर पसरतो, म्हणून आयव्हरमेक्टिन किलोला २०० मायक्रोग्रॅम देऊन टाकणं शहाणपणाचं. फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम रोज. हिमोग्लोबिन फार खाली असेल तर पॅक्ड सेल (तांबड्या पेशींची पिशवी) खुशाल द्या, त्याला मज्जाव नाही. मज्जाव फक्त प्लेटलेटना, आणि तोही जीवघेणा रक्तस्राव नसेल तेव्हाच.

घाटवाट

हलवण्याबद्दल. "मोठ्या हॉस्पिटलात न्या" म्हणून चिठ्ठी दिली की काम संपलं असं नसतं. निघायच्या आधी फोनवर पाच गोष्टी विचारा: प्लाझ्मा एक्सचेंज रात्री होतं का, किट किंवा प्लाझ्मा फिल्टर आज शिल्लक आहे का, डायलिसिस कॅथेटर टाकणारा डॉक्टर हजर आहे का, या गटाचा प्लाझ्मा किती आहे, आयसीयूत खाट आहे का. एकाचंही उत्तर "उद्या बघू" आलं तर दुसरा नंबर लावा. संशय आल्यापासून चार ते आठ तासांत एक्सचेंज सुरू व्हावं, असं ब्रिटिश मार्गदर्शिका सांगते. देवगडहून किंवा गुहागरहून हे कठीण आहे, म्हणूनच फोन गाडी सुटायच्या आधी.

दिशा ठिकाणाप्रमाणे. सावंतवाडी-कुडाळहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, चिपळूणहून कुंभार्लीने कराड, महाड-पोलादपूरहून मुंबई किंवा पुणे. जुलैत घाटात दरड आहे का हे पोलीस नियंत्रण कक्षाला विचारूनच वळा. सरळ रस्ता बंद असेल तर लांबचा चालू रस्ता बरा. रुग्णवाहिकेत ऑक्सिजन, मॉनिटर, फेफऱ्यासाठी मिडाझोलम, आणि चालू प्लाझ्माची पिशवी. चिठ्ठीत स्मिअरचा अहवाल, प्लाझ्मा कधी सुरू केला ती वेळ, किती पिशव्या गेल्या तो आकडा. जमलं तर स्लाइडही सोबत द्या, ती पुन्हा बघतात.

सुरंगी

एक्सचेंजच्या खोलीतलं मी लिहिते.

कॅथेटर डायलिसिसचाच, दुहेरी, ११.५ ते १२ फ्रेंच. प्लेटलेट बारा हजार असल्या तरी "आधी चार पिशव्या प्लेटलेट चढवा, मग टाकू" हा हट्ट इथे मोडावा लागतो. अनुभवी हात, सोनोग्राफीखाली, एकाच टोच्यात. मानेत जमणार नसेल तर जांघेत, तिथे दाबून धरता येतं.

मशीन दोन प्रकारची. एक सेंट्रिफ्यूजचं अफेरेसिस मशीन, एक डायलिसिससारखं फिल्टरचं. दोन्ही चालतात. फिल्टरला हेपॅरिन लागतं आणि मेम्ब्रेन गुठळीने तुंबू शकतं, त्यामुळे दाबाच्या आकड्यांवर नजर हवी. गिलियां-बारे या नसांच्या आजाराच्या रुग्णांना एक्सचेंज करायची सवय असलेल्या युनिटमध्ये हात आपोआप अल्ब्युमिनकडे जातो. इथे अल्ब्युमिन नाही. त्यात विकर नाही. काढलेल्याच्या बदल्यात प्लाझ्माच द्यायचा.

एकपट बदलला की मूळच्या अँटिबॉडीपैकी सुमारे ६३ टक्के निघतात, दीडपटीला ७८ टक्के. दुप्पट केलं तरी त्या प्रमाणात फायदा वाढत नाही, पिशव्या मात्र वाढतात. म्हणून रोज, एकपट ते दीडपट.

सायट्रेटचा त्रास ठरलेलाच. इतक्या प्लाझ्मातून सायट्रेट (पिशवीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं) आत जातं आणि कॅल्शियम धरून ठेवतं. ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडणं, मग उलटी, मग छातीत धडधड. रुग्ण गुंगीत असेल तर तो सांगणार नाही. मॉनिटरवर ईसीजीतला क्यूटी लांबत जाताना दिसतो. वेग कमी करा, कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के १० मिली दहा मिनिटांत सावकाश. प्लाझ्माच्याच नळीत टोचायचं नाही, नळीत गुठळी होते. लांब सत्रात लक्षणं येण्याची वाट न बघता वेगळ्या लाइनने चालू ठेवलेलं बरं.

अंगावर गांधी उठणं रोजचंच. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम. श्वास लागला, ऑक्सिजन घसरला तर थांबा, पाणी जास्त झालं की प्लाझ्माची फुप्फुसावरची रिअ‍ॅक्शन आहे ते ओळखा. पहिल्यात बीपी बहुधा चढतं, दुसऱ्यात बहुधा पडतं. बीपीच्या एसीई गोळ्या चालू असतील तर त्या आधीच बंद.

रोजची औषधं सत्र संपल्यावर. सकाळी नऊला स्टेरॉइड देऊन दहाला एक्सचेंज लावलं तर औषधाचा काही भाग कचऱ्याच्या पिशवीत जातो.

कातळसडा

सुरंगींच्या शेवटच्या मुद्द्यात रिटुक्सिमॅबची तर जास्तच काळजी घ्यायची. ते एक्सचेंज संपल्या संपल्या सुरू करायचं आणि पुढच्या एक्सचेंजपर्यंत जमेल तेवढं अंतर ठेवायचं. निदान चार तास, शक्यतो वीस-चोवीस. डोस शरीराच्या क्षेत्रफळाच्या चौरस मीटरला ३७५ मिलिग्रॅम, आठवड्याला एक, असे चार. १.६ चौरस मीटरच्या माणसाला ६०० मिलिग्रॅम. आधी पॅरासिटामॉल आणि एव्हिल, ताशी ५० मिलिग्रॅमने सुरुवात, दर अर्ध्या तासाला ५० ने वाढ. भारतीय बनावटीचं औषध २००७ पासून मिळतं, त्यामुळे ते आता आवाक्याबाहेरचं राहिलेलं नाही. परिणाम दिसायला दहा-चौदा दिवस लागतात, तोवर एक्सचेंज तारून नेतं. हेपॅटायटिस बीची कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह असेल तर विषाणूरोधक औषध सोबत, नाहीतर टीटीपीतून वाचलेला माणूस यकृताने जातो.

कॅप्लासिझुमॅबबद्दल विचारलं जाईलच. ते प्लेटलेट आणि दोर यांची पकडच सोडवतं. पहिल्या एक्सचेंजआधी १० मिलिग्रॅम शिरेतून, मग रोज १० मिलिग्रॅम त्वचेखाली, एक्सचेंज थांबल्यावरही तीस दिवस. प्लेटलेट झटपट वर येतात, हिरड्यांतून आणि नाकातून रक्त येतं, आणि किंमत डोळे फिरवणारी. त्याने आकडा सुधारला तरी मूळ अँटिबॉडी तशीच असू शकते, म्हणून बंद करायचं ते अ‍ॅडॅम्ट्स-१३ बघूनच. तालुक्यातून योजना आखताना मात्र ते मिळेल असं धरून चालू नका. प्लाझ्मा, स्टेरॉइड आणि रिटुक्सिमॅब यांवर बहुतेक रुग्ण निभावतात.

रात्रपाळी_रक्तपेढी

एक्सचेंज थांबवायचं कधी? आम्हाला पुढच्या पिशव्या राखायच्या की सोडायच्या ते ठरवावं लागतं.

कातळसडा

प्लेटलेट दीड लाखावर सलग दोन दिवस, एलडीएच जवळपास नॉर्मल, मेंदूची नवी लक्षणं नाहीत, मग थांबवायचं. कॅथेटर लगेच काढू नका. थांबवल्यापासून तीस दिवसांत पुन्हा घसरण होऊ शकते आणि ती बहुधा पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत होते. त्यामुळे निदान एका दिवसाच्या पिशव्या आठवडाभर त्याच्या नावे ठेवा. प्लेटलेट ५० हजारांवर गेल्या की गुठळी टाळायची हेपॅरिनची छोटी मात्रा सुरू होते. नातेवाईक घाबरतात, "आत्ता तर रक्तस्रावाची भीती होती." त्यांना हा आजार गुठळ्यांचा आहे हे पुन्हा सांगावं लागतं.

पाच दिवसांत प्लेटलेट हलल्याच नाहीत तर तीन गोष्टी बघा: कॅथेटरचा जंतुसंसर्ग, एकपटीऐवजी दीडपट करायची गरज, आणि निदानच चुकलं का. अ‍ॅडॅम्ट्स-१३ चा अहवाल २० टक्क्यांच्या वर आला तर टीटीपी सोडून दुसरीकडे वळा.

घाटवाट

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठा. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांच्या सहीचं निदान लागतं. निदानाच्या जागी "थ्रॉम्बोसायटोपेनिया" एवढंच लिहिलं तर मंजुरी देणाऱ्याला एक्सचेंज कशाला ते कळत नाही. आजाराचं पूर्ण नाव आणि "तातडीचं" हा शब्द लिहा.

लेन्स_१००

घरी गेल्यावरचं वेळापत्रक टाकतो. पहिला महिना आठवड्यातून दोनदा हिमोग्राम आणि एलडीएच, हे कुठल्याही तालुक्यात होतं. अ‍ॅडॅम्ट्स-१३ पहिला महिना दर आठवड्याला, मग तीन महिने महिन्याला, मग वर्षभर दर तीन महिन्यांनी, पुढे सहा ते बारा महिन्यांनी. प्लेटलेट चांगल्या असूनही विकर २० टक्क्यांखाली घसरलं तर लक्षणांची वाट न बघता रिटुक्सिमॅब देतात. या एका चाचणीने पुन्हा आयसीयू टळतो, तेव्हा "बरं वाटतंय, कशाला मुंबईला पाठवायचं" हे ऐकून घेऊ नका.

सुरंगी

बायकांसाठी: इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत. दिवस राहण्याआधी अ‍ॅडॅम्ट्स-१३ तपासून घ्यायचं आणि गरोदरपणातही तपासत राहायचं, कारण गरोदरपणात आजार उलटू शकतो. तेव्हा प्लेटलेट घसरल्या आणि बीपी चढलं तर सगळे हेल्पकडे (गरोदरपणात तांबड्या पेशी फुटणं, यकृताचा बिघाड आणि कमी प्लेटलेट) बघतात. प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवशीही सुधारणा नसेल तर टीटीपीचा नमुना पाठवा, तोही प्लाझ्माची पिशवी लावायच्या आधी.

आणि फाइलच्या पहिल्या पानावर, देवनागरीत आणि ठळक: "टीटीपी. प्लेटलेट देऊ नयेत, आधी रक्तविकारतज्ज्ञांना फोन." पुढच्या आषाढात ताप येईल तेव्हा रात्रीच्या ड्यूटीवर कोण असेल सांगता येत नाही.

बांगडा_तिखलं

ह्या पान छापून गावच्या पीएचसीत लावतंय. पपयचा झाड ऱ्हवांदे उभा.